प्रकल्प आला तर, नाही आला तर: पर्यावरणीय आघात मोजायला शिकताना

या कामात नवा आलेला माणूस एक चूक हमखास करतो. आजची हवा मोजतो, आजचं पाणी मोजतो, प्रकल्पानंतर ते किती बिघडेल याचा अंदाज बांधतो आणि दोन्हींची वजाबाकी करून तिला ‘आघात’ म्हणून मोकळा होतो. हिशेब सरळ दिसतो, पण चुकीचा आहे. प्रकल्प आला नाही तरी ती जागा आजच्यासारखी थोडीच राहणार आहे? ओढा आधीच आटत चाललेला असेल, शेजारचा रस्ता रुंद व्हायचा असेल, किंवा उलट, वीस वर्षं पडीक असलेल्या माळावर झाडोरा हळूहळू परत उभा राहत असेल. दहा वर्षांनी ही जागा प्रकल्पासह कशी दिसेल आणि प्रकल्पाशिवाय कशी दिसेल, ही दोन चित्रं शेजारी ठेवायची. त्यांच्यातला फरक म्हणजे आघात. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन चित्रांसाठीच आहेत.

आधी नावांचा गुंता

बाहेरून एकसारखी दिसणारी दोन कामं आहेत. एक पर्यावरणीय आघात मूल्यांकन, बोलीभाषेत ईआयए. त्यात नजर पुढे असते: अजून न झालेला प्रकल्प काय करेल? दुसरं जागेचं मूल्यांकन, म्हणजे साइट असेसमेंट. त्यात नजर मागे असते: या जमिनीत पूर्वी कोणी काय ओतलं, काय पुरलं, आणि ते आता कुठवर पोचलंय? नकाशा, बाटल्या, बूट आणि वही दोन्हीकडे सारखीच लागते. आधी ईआयए घेऊ, जागेकडे नंतर वळू.

ईआयएचा कायदेशीर जन्म अमेरिकेतला. तिथला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा १ जानेवारी १९७० रोजी सहीनिशी लागू झाला आणि सरकारी यंत्रणांना मोठ्या कामाआधी त्याच्या परिणामांचं सविस्तर निवेदन लिहावं लागू लागलं. १९८५ मध्ये युरोपीय समुदायाने त्यासाठी निर्देश काढला, १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात सतरावं तत्त्व म्हणून ते आलं, आणि २०१० मध्ये उरुग्वे नदीवरच्या कागद-लगदा कारखान्यांच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटलं की सीमेपलीकडे मोठी हानी होण्याचा धोका असेल तिथे असं मूल्यांकन करणं ही आता सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्याचीच अपेक्षा मानता येईल. तपशील देशागणिक बदलतात, म्हणून काम हातात घेण्याआधी तिथले नियम वाचायचे. नियम बदलले तरी कामाचा सांगाडा मात्र जवळपास तोच राहतो.

पहिली पायरी: प्रकल्प आकड्यांत उतरवा

पूर्ण लेखभर एकच सरावाचं उदाहरण घेऊ. एका टेकडीच्या पायथ्याशी ५ हेक्टरची दगडखाण आणि खडी फोडणारा क्रशर येणार आहे. खालच्या अंगाला एक ओढा आहे, ३०० मीटरवर घरं आहेत.

प्रकल्पाचा अहवाल हातात आला की पर्यावरणाचं प्रकरण लगेच उघडू नका. आधी प्रकल्पच समजून घ्या: आत काय येतं, बाहेर काय जातं, किती, कधी. क्रशर दिवसाला ६०० टन खडी देणार असेल आणि ट्रकमध्ये २० टन मावत असतील, तर ३० ट्रक झाले. पण प्रत्येक ट्रक येतो आणि जातो, म्हणजे ६० फेऱ्या. दहा तासांत त्या वाटल्या तर तासाला ६, दर दहा मिनिटांना एक ट्रक. अहवालात फक्त ‘दैनिक उत्पादन ६०० टन’ एवढंच छापलेलं असतं. रस्त्याकडेला घर असलेल्या माणसाला कळतो तो दर दहा मिनिटांचा ट्रक. आकड्याचं असं भाषांतर करता आलं की निम्मं काम झालं.

प्रकल्पाचे टप्पेही सुटे करा: बांधकाम, चालू काळ, आणि शेवटी बंद होणं. तिसरा टप्पा लिहायचा लोक विसरतात. खाण संपल्यावर उरणारा खड्डा, त्यात साचणारं पाणी, सोडून दिलेले दगडमातीचे ढीग, हे सगळं चालू खाणीपेक्षा जास्त वर्षं तिथे राहतं.

दुसरी पायरी: काय तपासायचं आणि कुठवर

प्रकल्पाला मूल्यांकन लागतं का, हे ठरवणं म्हणजे स्क्रीनिंग. ते बहुतेक वेळा नियमातल्या याद्या आणि क्षमतेच्या मर्यादांवर होतं, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. फक्त एक गोष्ट ओळखायला शिका. मर्यादेच्या जरासे खाली बसतील असे एकाच प्रकल्पाचे तीन तुकडे पाडलेले असतात. शेजारशेजारच्या तीन अर्जांवर पोचरस्ता एकच, क्रशर एकच असेल तर तो प्रकल्पही एकच आहे.

खरी अक्कल लागते ती पुढच्या भागात, स्कोपिंगमध्ये. शेकडो गोष्टींपैकी कोणत्या दहा मनापासून तपासायच्या? मी तीन शब्दांचा साचा वापरतो: उगम, वाट, झळ. प्रदूषण किंवा त्रास निघतो कुठून, जातो कोणत्या वाटेने, आणि झळ कोणाला बसते? तिन्ही कड्या जुळल्या तरच धोका खरा. क्रशरची धूळ उगम, वारा वाट, घरातलं दम्याचं पोर झळ बसणारं. खाणीतलं गढूळ पाणी उगम, उतार वाट, ओढ्याच्या वाळूत अंडी घालणारा मासा झळ बसणारा. एखादी कडी सापडतच नसेल तर त्या विषयावर चाळीस पानं खर्चू नका. त्या वाचवलेल्या पानांची गरज दुसरीकडे लागणार आहे.

अभ्यासाची हद्द आखताना कंपासने वर्तुळ काढायची सवय या धंद्यात फार आहे. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण धूळ वाऱ्यामागे जाते, पाणी उताराने जातं, ट्रक रस्त्याने जातात आणि भूजल त्याच्या मनाने. त्यामुळे प्रत्येक विषयाची हद्द वेगळी निघते आणि नकाशावर ती बहुधा वेडीवाकडी असते. पाणलोटाच्या पलीकडच्या गावातल्या विहिरी वर्तुळात बसतात म्हणून मोजायच्या, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाचं पाणवठ्याचं ठिकाण वर्तुळाबाहेर जातं म्हणून सोडायचं, असे अहवाल मी पाहिले आहेत.

तिसरी पायरी: पायी फिरा

जागेवर जाण्याआधी तासभर उपग्रहचित्रांत घालवा. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून ती सगळ्यांना फुकट मिळतात. सेंटिनेल-२ ची २०१५ नंतरची चित्रं १० मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे, महिनाभर रेटलंत की हाताला बसतं. एकाच जागेची दहा-दहा वर्षांच्या अंतराची तीन-चार चित्रं एकाखाली एक लावली की जागा कोणत्या दिशेने चालली आहे ते दिसतं. ‘प्रकल्प नाही आला तर’चं चित्र रंगवायला याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

मग बूट घाला. गाडीतून बघितलेली जागा ही बघितलेली जागा नव्हे. मी सुरुवातीच्या एका स्थळभेटीत ‘कोरडा नाला, जलचर नाहीत’ असं वहीत लिहून आलो होतो. तीन महिन्यांनी तोच नाला गुडघाभर पाण्याने वाहत होता आणि पोरं त्यात मासे धरत होती. चूक नाल्याची नव्हती. मी वर्षातला एक दिवस पाहिला आणि त्यावरून वर्ष लिहिलं.

तेव्हापासून मी पाण्याबरोबर चालतो. प्रकल्पाच्या जागेवरून उताराने खाली उतरायचं, पाणी जिथे जाईल तिथे आपण जायचं, ते कोणाच्या तरी वापरात येईपर्यंत. मग परत येऊन वरच्या अंगाला चढायचं आणि या जागेवर पाणी येतं कुठून ते बघायचं. पुराच्या खुणा शोधायच्या: झुडपांत अडकलेला कचरा, पुलाच्या खांबावरचा चिखलाचा पट्टा, काठाची कापलेली माती. झाडं कोणत्या बाजूला वाकली आहेत, पानांवर आधीच धूळ बसली आहे का, रात्री तिथे आवाज किती असतो, हे टिपायचं. फोटो काढताना दिशा आणि वेळ लिहा. सहा महिन्यांनी तुमच्याकडे दोनशे फोटो असतात आणि त्यातले दीडशे कुठले, ते तुम्हालाही सांगता येत नाही.

माणसांशी बोलणं याच पायरीत येतं. प्रश्नावली घेऊन गेलात तर प्रश्नावलीतलीच उत्तरं मिळतील. ‘इथे पर्यावरणाच्या समस्या आहेत का?’ याला लोक हो म्हणतात किंवा नाही म्हणतात, आणि दोन्ही निरुपयोगी. ‘विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं?’, ‘गुरं चरायला कुठल्या वाटेने जातात?’, ‘शेवटचा मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं?’ असं विचारा. पाणी भरणाऱ्या बायकांना, गुराख्यांना आणि मासे धरणाऱ्यांना जे ठाऊक असतं ते कुठल्याही कार्यालयातल्या फायलीत नसतं. पण एकाच्या सांगण्यावर विसंबू नका. तिघांनी वेगवेगळं सांगितलेलं जुळलं की मग वहीत पक्कं.

चौथी पायरी: बेसलाइन, म्हणजे आजचा पंचनामा

आता बाटल्या आणि यंत्रं बाहेर काढायची. इथे नवशिक्याची चूक म्हणजे भरपूर ठिकाणी एकेकदा मोजणं. त्यापेक्षा मोजक्या ठिकाणी पुन्हापुन्हा मोजलेलं कामाचं, कारण निसर्गातला चढउतारच आपल्याला पकडायचा असतो. पाणी निदान ओल्या आणि कोरड्या ऋतूत, हवा वेगवेगळ्या ऋतूंत, आवाज दिवसा आणि रात्री.

जागा निवडताना ओढ्यावर एक ठिकाण प्रकल्पाच्या वरच्या अंगाला घ्यायचंच. त्याला तुलनेचं ठिकाण म्हणतात. पुढे खालच्या अंगाला पाणी गढूळ झालं तर ते खाणीमुळे की त्या वर्षी सगळीकडेच गढूळ होतं, हे फक्त वरचं ठिकाण सांगू शकतं. हे ठिकाण नंतर उभं करता येत नाही. प्रकल्पाआधीची आकडेवारी एकदा हुकली की कायमची हुकली.

नमुना घेण्याच्या काही सवयी सुरुवातीलाच अंगी बाणवा. पाण्याचं तापमान, सामू आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजायचा, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो बदलतो. निरीक्षण-विहिरीतून नमुना घेताना आत साचून राहिलेलं पाणी आधी उपसायचं. पाइपात उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट उपसा हा जुना ठोकताळा आहे. बाष्पशील रसायनांसाठी बाटली काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये. बरेच नमुने ४ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. आणि दर खेपेला दोन जादा बाटल्या: एकात फक्त शुद्ध पाणी, एकात आधीच घेतलेल्या नमुन्याची जुळी प्रत. शुद्ध पाण्याच्या बाटलीत प्रदूषण सापडलं तर गडबड ओढ्यात नसून तुमच्या हातात आहे. जुळ्या बाटल्यांचे आकडे फार वेगळे आले तर प्रयोगशाळेला फोन लावायचा. प्रत्येक बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली त्याची वेळेसह नोंद ठेवा. वाद झाला की हाच कागद पहिल्यांदा मागितला जातो.

जीवसृष्टीचं बेसलाइन हा बहुतेक अहवालांतला सगळ्यात लंगडा भाग असतो. एका दुपारच्या फेरीत पक्षी मोजले जातात, जेव्हा पक्षी सावलीत बसलेले असतात. निशाचर प्राण्यांसाठी रात्री कोणी जात नाही. उरलेली यादी दुसऱ्या अहवालातून उचललेली असते आणि तिच्यात त्या प्रदेशात आढळतच नाही असा एखादा प्राणी डोकावतो. यादीच्या लांबीवर जाऊ नका. कोण इथे पिल्लं घालतो, कोण फक्त पाणी प्यायला येतो, कोण इथून पलीकडे जातो, एवढं कळलं तरी त्या लांब यादीपेक्षा जास्त उपयोगी.

पाचवी पायरी: अंदाज बांधा, आणि आकड्यात बांधा

‘पाण्यावर किरकोळ परिणाम संभवतो’ हे वाक्य लिहायचा मोह होईल. ते चूक ठरवता येत नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. मोठ्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरकडे धावण्याआधी पाठकोऱ्या कागदावर करता येणारे हिशेब शिका. सॉफ्टवेअरने बरळलं तर ओळखता यायला हेच उपयोगी पडतात.

*पाणी.* ओल्या ऋतूत आपल्या ओढ्याला सेकंदाला १०० लिटर पाणी आहे, त्यात गाळाचं प्रमाण लिटरला २० मिलिग्रॅम. खाणीतून सेकंदाला ५ लिटर गढूळ पाणी पंपाने बाहेर पडेल, त्यात गाळ ३०० मिलिग्रॅम. दोन्ही मिसळल्यावर: १०० गुणिले २०, अधिक ५ गुणिले ३००, भागिले १०५. उत्तर सुमारे ३३. फार नाही, असं वाटतं. आता कोरडा ऋतू घ्या. ओढ्यात फक्त १० लिटर पाणी उरलंय: १० गुणिले २०, अधिक १५००, भागिले १५. उत्तर ११३. खाण तीच, पंप तोच, पण पाणी मूळच्या २० च्या पाचपटीहून जास्त गढूळ. मिसळणीचा अंदाज नेहमी कमीत कमी प्रवाहावर करायचा तो यासाठी.

*पाऊस.* ५ हेक्टरवर एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला की २५०० घनमीटर पाणी झालं. झुडपं आणि माती असताना त्यातलं ३० टक्के वाहून जातं असं धरू, म्हणजे ७५०. उघड्या खडकावरून ७० टक्के, म्हणजे १७५०. हे टक्के उदाहरणापुरते आहेत, खरे माती आणि उतार बघून ठरवावे लागतात. पण मुद्दा पुन्हा दोन चित्रांचाच आहे: आघात १७५० नाही, आघात जादाच्या १००० घनमीटरचा. गाळ बसवायची टाकी मात्र जादापुरती बांधून भागत नाही, तिच्यात खाणीवरून वाहणारं सगळं १७५० पेलायची ताकद हवी. वाळू पटकन तळाला बसते, चिकणमातीच्या बारीक कणांना तासच्या तास लागतात. म्हणून छोटी टाकी फक्त पाणी थोडं उशिरा ओढ्यात सोडते, गाळ तसाच पुढे जातो.

*आवाज.* डेसिबलची बेरीज साधी बेरीज नसते. ६० डेसिबलची दोन यंत्रं मिळून १२० होत नाहीत, ६३ होतात. आणि उघड्या जागेत एका बिंदूतून निघणारा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने उतरतो. क्रशरपासून १० मीटरवर ९० डेसिबल असेल तर २० वर ८४, ४० वर ७८, ८० वर ७२, १६० वर ६६, ३२० वर ६०. घरं ३०० मीटरवर आहेत, म्हणजे तिथे साधारण ६०. रात्रीची तिथली शांतता ४० डेसिबलची असेल तर त्या माणसाच्या रात्रीचं काय होणार ते सांगायला मॉडेल लागत नाही. मध्ये टेकाड असेल तर आवाज कमी होईल, वारा घरांकडे वाहत असेल तर जास्त पोचेल.

*हवा.* धुळीचा अंदाज सगळ्यात निसरडा. वाऱ्याची दिशा आणि वेग वर्षभराच्या नोंदींवरून घ्यायचा, त्याच्या आकृतीला विंड रोज म्हणतात. शांत, थंड रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर उबदार हवा असा उलटा थर जमतो. तेव्हा धूळ वर जात नाही, खालीच कोंडते. नेमकं त्याच वेळी मोजमाप बंद असतं. तुलनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी पाठ करून ठेवा: पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) साठी वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची १५, पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी वार्षिक १५ आणि २४ तासांची ४५, दर घनमीटरला. देशोदेशीचे कायदेशीर निकष याहून बरेच सैल असू शकतात. अहवालात दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

शेवटी शेजारच्या प्रकल्पांची बेरीज. आपली खाण एकटी निकषात बसते, पलीकडची दुसरी एकटी निकषात बसते, दोघींची धूळ मिळून बसत नाही. घरातला माणूस हवा खाणवार वेगळी करून श्वासात घेत नाही.

सहावी पायरी: मोठं काय, छोटं काय

इथे तक्ता येतो, ज्याला सगळे मॅट्रिक्स म्हणतात. कायदा आल्यावर निवेदन लिहायचं कसं, याची पद्धतच नव्हती. १९७१ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागातले जलशास्त्रज्ञ लुना लिओपोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तक्ता मांडला: एका बाजूला प्रकल्पातल्या १०० क्रिया, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक, एकूण ८८०० चौकोन. लागू पडेल त्या चौकोनात तिरकी रेघ मारून दोन अंक लिहायचे: परिणाम किती मोठा, आणि किती महत्त्वाचा, दोन्ही १ ते १० मध्ये.

तक्ता उत्तम आहे, तो विसरू देत नाही. आपल्या खाणीला त्यातले शे-दीडशे चौकोन पुरतील. पण त्यातून दोन वाईट सवयी लागतात. एक, अंकांची बेरीज. धुळीचे उणे सात आणि रोजगाराचे अधिक आठ मिळून ‘एकूण परिणाम अधिक एक’ असं लिहिणारे आहेत. दमा एकाला आणि पगार दुसऱ्याला, तर ही वजाबाकी कोणाच्या घरात होते? दुसरी, तक्त्यात साखळी दिसत नाही. झाडं तुटली, माती सुटली, गाळ ओढ्यात गेला, अंडी गुदमरली, मासे घटले, मासेमारी बसली. या प्रत्येक पायरीचा चौकोन वेगळा पडतो आणि गोष्ट हरवते. म्हणून तक्त्याशेजारी बाणांची साखळी हाताने काढा.

परिणाम मोठा की छोटा हे ठरवताना तीव्रतेइतकंच विचारा: किती दिवस टिकेल, किती लांब पसरेल, आणि परत फिरवता येईल का? महिनाभराचा आवाज आणि कायमचा आटलेला झरा एका तराजूत घालू नका.

सातवी पायरी: पर्याय आणि उपाय

पर्यायांचं प्रकरण वाचलं की अहवाल खरा की कागदी घोडा, ते लगेच कळतं. निवडलेली जागा एक आणि मुद्दाम वाईट शोधलेल्या दोन, असं असेल तर निर्णय आधीच झालेला आहे. प्रकल्पच न करण्याचा पर्यायही प्रामाणिकपणे लिहावा लागतो, आणि तो लिहायला सोपा जातो, कारण ते चित्र आपण पहिल्यापासून रंगवत आलो आहोत.

उपायांचा क्रम ठरलेला आहे: आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, झालेलं नुकसान जागेवर पूर्ववत करा, आणि एवढं करूनही जे उरेल त्याची दुसरीकडे भरपाई करा. व्यवहारात लोक शेवटून सुरुवात करतात. क्रशर घरांपासून आणखी लांब हलवणं हे टाळणं झालं. पट्ट्यांवर झाकण आणि पाण्याचे फवारे हे कमी करणं. ‘परिसरात वृक्षारोपण करण्यात येईल’ हे वाक्य उपायांच्या यादीत पहिलं दिसलं तर सावध व्हा. रोपट्याचं झाड व्हायला लागणारी वर्षं आणि खाणीचं आयुष्य एकदा शेजारी लिहून बघा.

प्रत्येक उपायापुढे चार गोष्टी हव्यात: कोण करणार, कधी, पैसे कुठून, आणि झालं की नाही हे कसं कळणार. यातलं एक जरी रिकामं असेल तर तो उपाय नाही, इच्छा आहे.

आता जागेकडे: मागे वळून बघणं

जुनी कारखान्याची जमीन, बंद पडलेला पेट्रोलपंप, भराव घालून केलेला प्लॉट. इथे काही बांधायचं ठरलं की प्रश्न येतो: जमिनीत काय आहे?

याचं शालेय उदाहरण म्हणजे नायगरा फॉल्स शहरातला लव्ह कॅनॉल. अर्धवट सोडलेल्या कालव्यात १९४० च्या दशकापासून सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला गेला. १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली गेली, वर शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं आली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. १९८० मध्ये अमेरिकेत प्रदूषित जागांच्या सफाईसाठी सुपरफंड कायदा आला त्यामागे ही घटना होती. रसायनं गुप्तपणे पुरलेली नव्हती. व्यवहाराच्या कागदांत त्यांचा उल्लेख होता. कागद वाचण्याची पायरी किती मोलाची, ते यावरून समजा.

म्हणून पहिल्या टप्प्यात फावडं हातात घ्यायचंच नाही. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, मालकीच्या नोंदी, परवाने, आगीच्या घटना, आणि तिथे पूर्वी काम केलेली माणसं. जुना वॉचमन सांगतो की ‘मागच्या कोपऱ्यात तेल ओतायचे’, आणि तुमची पहिली बोअर कुठे घ्यायची ते ठरतं. जागेवर बघायच्या खुणा: जमिनीतून वर आलेले पाइप, जे बहुधा पुरलेल्या टाकीचे श्वासमार्ग असतात, काळे डाग, गवत न उगवणारे ठिपके, जुन्या ट्रान्सफॉर्मरखालची तेलकट माती, वास. वास आला म्हणून मुद्दाम नाक लावून हुंगू मात्र नका. आणि झाकण उघडून टाकीत किंवा खड्ड्यात एकट्याने उतरायचं नाही, कधीच नाही.

दुसऱ्या टप्प्यात माती आणि भूजलाचे नमुने, तिसऱ्यात सफाई. भूजलाबाबत एक हिशेब लक्षात ठेवा, ज्याची मुळं फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी याच्या १८५६ च्या कामात आहेत. थराची पाणी वाहू देण्याची क्षमता दिवसाला १० मीटर, भूजलाचा उतार दर १००० मीटरला ५ मीटर, आणि थरातली पोकळी २५ टक्के धरली, तर पाण्याचा वेग १० गुणिले ०.००५ भागिले ०.२५, म्हणजे दिवसाला २० सेंटिमीटर. वर्षाला ७३ मीटर. ३०० मीटरवरच्या विहिरीला पोचायला चार वर्षं. कित्येक रसायनं मातीला चिकटत जातात, त्यांना याहूनही जास्त. आज विहिरीचं पाणी स्वच्छ आलं याचा अर्थ ‘प्रदूषण नाही’ असा लावायचा, की ‘अजून वाटेत आहे’ असा, ते या हिशेबावर ठरतं.

अहवाल लिहिताना, आणि सराव करताना

अहवालाचा सारांश आधी लिहा, आणि घरातल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या. जनसुनावणीला येणारा माणूस तेवढाच वाचणार आहे. कुठला आकडा मोजलेला, कुठला गृहीत धरलेला, कुठला दुसऱ्याकडून घेतलेला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसू द्या. मोजायला जमलं नाही ते झाकू नका. ‘कोरड्या ऋतूतली मोजणी झालेली नाही’ हे तुम्ही स्वतः लिहिलंत तर ती मर्यादा असते, दुसऱ्याने शोधून काढलं तर लबाडी.

शिकण्यासाठी पुस्तकं आणि अभ्यासक्रम आहेतच, पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका साध्या खेळाने. दहा-बारा वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या, आता चालू असलेल्या एखाद्या प्रकल्पाचा जुना ईआयए अहवाल मिळवा. तो सार्वजनिक असतो, मागता येतो. त्यातली भाकितं एका कागदावर उतरवा, फक्त तपासता येण्यासारखी. बहुतेक अहवालांतून अशी मूठभरच निघतात, आणि तो पहिला धडा. मग प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरून, सार्वजनिक रस्त्याने आणि ओढ्याच्या काठाने, कागद हातात घेऊन फिरा. वरच्या अंगाचं पाणी आणि खालच्या अंगाचं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत भरून उजेडात धरा. रस्त्यालगतच्या घरात दहा मिनिटं बसून ट्रक मोजा. लावायची कबूल केलेली झाडं शोधा. प्रत्येक भाकितापुढे बरोबर, चूक किंवा सांगता येत नाही असं लिहा, आणि तोच कागद घेऊन सहा महिन्यांनी, ऋतू बदलल्यावर, पुन्हा जा.